बिनजिलेटिनच्या गमीज चिवट होत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेकीला गमीज प्रचंड आवडतात. आमच्याकडे जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते) चालत नाही, त्यामुळे घटकांच्या यादीत ते दिसलं की पाकीट परत ठेवायचं हा नेम. त्या नादात पाठीमागची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. पुढे ठळक 'खऱ्या फळांचा रस', आणि मागे पहिला ग्लुकोज सिरप, दुसरी साखर! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात म्हणे. मग रसाचा नंबर बघितला की काय ते कळतंच.

तर घरी करायला घेतल्या. स्ट्रॉबेरीचा गाळलेला रस, थोडी साखर, अगर-अगर पावडर (समुद्री शेवाळापासूनची, जेली जमवणारी), दोन मिनिटं उकळून सिलिकॉनच्या साच्यात. जमतं झटपट, फ्रीजसुद्धा लागत नाही. पण दाताखाली कचकन तुटतं, चघळायला काही उरतच नाही. लेकीने एक तोंडात टाकली, दोन बोटांनी बाहेर काढली आणि म्हणाली, "आई, ही जेली आहे." अगर वाढवलं तर कडक होतं, चिवट नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी सुटतं ते वेगळंच. वरून लावलेली आंबट साखरही तासाभरात ओलीगच्च.

पेक्टिनने (फळांतलं, जॅम घट्ट करणारं) कुणी केल्यात का? साखर कमी ठेवून चिवटपणा येईल का? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

चिकटपट्टी:
अगरचा नाद सोडा. त्याची जेल मुळातच ठिसूळ, आणि ती वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. जिलेटिन तोंडातल्या उबेवर हळूहळू सुटतं, ती मजा अगरात नाही.

पेक्टिन वापरा, पण पाकिटावर 'हाय मेथॉक्सिल' आहे का बघा. ते जमायला साधारण ५५-६० टक्क्यांच्या वर साखर लागते आणि पीएच ३ च्या आसपास (म्हणजे चांगलं आंबट). कमी साखरेवर कॅल्शियमने जमणारं पेक्टिन मिळतं, पण त्याची गमी मऊ होते आणि टिकत नाही. थोडक्यात, कमी साखर आणि चिवटपणा, दोन्ही एकदम हातात येणार नाही. एक काहीतरी सोडा.

पेक्टिन आधी पाचपट कोरड्या साखरेत कालवा, मगच रसात घाला, नाहीतर गाठी फोडत बसाल. पेक्टिन विरघळलं की उरलेली साखर आणि थोडा ग्लुकोज सिरप घाला (त्याने साखर पुन्हा दाणेदार होत नाही). १०७ अंशांपर्यंत आटवा. सायट्रिक आम्ल चमचाभर पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर. आधी घालून उकळत ठेवलं तर पेक्टिनचा जीव जातो. आम्ल पडल्यावर मात्र हात भराभर चालवा, पातेल्यातच जमायला लागतं.

निवांत_आजी:
आंबट साखर ओली होते कारण गमी आतून ओली आहे आणि सायट्रिक आम्ल ओलावा ओढून घेतं. कारखान्यात गमीज स्टार्चच्या साच्यात ओततात, तो स्टार्च पाणी शोषतो. तू साच्यातून काढून जाळीवर दिवसभर उघड्या सुकू दे, बोटाला चिकटायच्या थांबल्या की मग साखर लाव. लेक किती वर्षांची गं? चारच्या आतल्या पोराला असलं चिवट काही देऊ नये, घशात अडकतं.

आणि साखर कमीच हवी असेल तर गमीचा हट्ट कशाला? फळाचा गर कागदावर पातळ पसर, ओव्हनमध्ये ६०-७० अंशांवर काही तास सुकव, पट्ट्या काप. बाहेरून काही न घालता चिवट. दातांना चिकटते मात्र, वर चूळ भरायला लाव.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! आजी, सहा पूर्ण झालीत तिला. पट्ट्या या रविवारी करते. पेक्टिनचंही बघते, पण घरात थर्मामीटर नाहीये. किती तारी पाक धरू?

चिकटपट्टी:
तारेवर जाऊ नका, रसात पेक्टिन असलं की तार फसवते. रिकामं पातेलं वजन करून ठेवा. साखर आणि ग्लुकोज मिळून जेवढं वजन घेतलंत, त्याच्या सव्वापटीवर मिश्रण आलं की गॅस बंद.