बेजोड की विजोड?

साताऱ्याहून:
मित्राचा बॉक्सिंगवरचा लेख तपासतोय. ७ मे २०१६ च्या कॅनेलो अल्वारेझ आणि आमिर खान यांच्या लढतीबद्दल त्यानं लिहिलंय, 'जागतिक विजेतेपदाची ही बेजोड लढत सहाव्या फेरीत संपली.' त्याला म्हणायचंय की ती जोडीची नव्हती. खान १४७ पौंडांच्या वेल्टरवेट गटातला, विजेतेपदाचा पट्टा १६० पौंडांच्या मिडलवेटचा, आणि लढत ठरवली १५५ पौंडांवर. अल्वारेझचा उजवा ठोसा बसला आणि खान पाठीवर निपचित पडला. मी 'बेजोड' खोडून 'विजोड' केलं. मित्र म्हणतो, 'बे' म्हणजे नसलेला, मग जोड नसलेली ती बेजोड, यात चूक काय? त्याला पटेल असं मला सांगता येईना.

मिरजेहून:
फोड करताना तुमच्या मित्राचं चुकत नाही, रूढीत चुकतं. बेसूर गाणं वाईट असतं, पण बेजोड गाणं उत्तम असतं. ज्याच्या तोडीचं दुसरं सापडत नाही ते बेजोड. विजोड म्हणायला मात्र दोन गोष्टी समोर लागतात, एकमेकींना न शोभणाऱ्या. म्हणून अल्वारेझला बेजोड म्हणा, लढतीला विजोड. उलट बाजूचे शब्दही बघा, काटाजोड आणि तुल्यबळ. एकात तराजूचा काटा आहे, दुसऱ्यात तुला. दोन्ही शब्द वजनच करतात.

विट्याहून:
मी तालमीत वाढलेला शिक्षक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आमच्याकडं मैदानात 'जोड' शब्द एकटा येत नाही. जोड बघतात, जोड लावतात, जोड मोडतात. म्हणजे लावणारं कुणीतरी असतंच.

चौदा वर्षांचा असताना यात्रेत मला एका पोरासमोर उभं केलं. उंची सारखी, अंगही सारखंच. पंच 'लागली' म्हणाले. आमचे वस्ताद पुढं झाले आणि त्यांनी त्या पोराचा कान दोन बोटांत धरून बघितला. कान सुजून कडक झालेला. "हा तीन वर्षं तरी मातीत आहे. आमचं पोरगं दिवाळीपासून यायला लागलंय. जोड नाही," म्हणाले आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. मी रागानं रडलो होतो. पण ती कुस्ती लागली असती तर दोष माझा नव्हता, त्या पोराचाही नव्हता.

म्हणून माझी विनंती, नुसतं 'विजोड लढत' लिहू नका. त्यात लावणारा सुटतो. 'विजोड लावलेली लढत' लिहा.

कराडहून:
सरळ 'नुरा' का म्हणू नये? सगळं पैशासाठीच ठरवलेलं असतं ना?

विट्याहून:
नाही दादा, हे शब्द एकत्र करू नका. नुरा कुस्तीत दोघांनाही निकाल ठाऊक असतो आणि पैसे मोजून आलेला माणूस फसतो. विजोड लढतीत दुबळा जीव तोडून झटतो आणि मार खातो. कुस्तीत पाठ लागते, मुष्टियुद्धात डोक्याला मार लागतो. खान जिंकायलाच उतरला होता. त्याच्या लढतीला नुरा म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

कराडहून:
मान्य, शब्द मागे घेतो. माझ्या डोक्यात १९९५ ची जॉर्ज फोरमन आणि अॅक्सेल शुल्त्झ यांची लढत होती. पट्टा आयबीएफ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा. शुल्त्झ तिच्या क्रमवारीत पहिल्या दहांत नव्हता. त्या लढतीला मान्यता मिळावी म्हणून आयबीएफला एक लाख डॉलर दिल्याचं लढती भरवणारे प्रमोटर बॉब अॅरम यांनी पुढं न्यायालयात सांगितलं. आणि लढत तर चुरशीची झाली, इतकी की फोरमनला दिलेला निकाल अनेकांना पटला नाही. मग हिला विजोड तरी कसं म्हणायचं?

विट्याहून:
विजोड नाही, नुराही नाही. ही विकतची जोड.

मिरजेहून:
'विकतची जोड' चांगला शब्द आहे, मी वापरीन. आता 'प्रमोटर' या शब्दाचं. 'आयोजक' लिहू नका, अर्थ निसटतो. यात्रा कमिटी मैदान भरवते, इनाम लावते, पण पैलवान तालमीचा असतो आणि त्याच्या बाजूनं बोलायला वस्ताद असतो. बॉक्सिंगमध्ये बॉक्सर करारानं प्रमोटरशी बांधलेला असतो. मैदान त्याचं आणि बऱ्याचदा त्यातला एक पैलवानही त्याचाच. त्यातून मॅनेजरही प्रमोटरच्या खिशात असला तर कान बघणारं कुणी उरत नाही. अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावानं कायदा झाला, त्यानं मॅनेजर आणि प्रमोटर यांना एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध ठेवायला मनाई केली. तेव्हा 'प्रमोटर' तसाच ठेवा. 'प्रवर्तक' कंपन्यांच्या कागदपत्रांत राहू दे.

साताऱ्याहून:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. लेखात पुढं 'सक्तीचा आव्हानवीर' आलाय, म्हणजे संघटनेनं ठरवून दिलेला, ज्याच्याशी विजेत्यानं लढलंच पाहिजे असा. १९९२ मध्ये हेवीवेट विजेता रिडिक बो याच्यासमोर लेनॉक्स लुईस असाच उभा होता. चार वर्षांपूर्वी सोलच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत याच लुईसनं बो याला हरवलं होतं. लुईसशी लढण्याऐवजी बोनं लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि व्यावसायिक रिंगणात ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत.

विट्याहून:
सक्ती कुणाला वाटते? विजेत्याला. लुईसच्या बाजूनं बघितलं तर तो 'हक्काचा आव्हानवीर' होता. तोच शब्द घ्या. आणि बोनं केलं त्याला आमच्याकडं 'जोड चुकवली' म्हणतात.

साताऱ्याहून:
घेतला. खानच्या लढतीचं वाक्य आता असं केलंय: 'विजेतेपदासाठी विजोड लावलेली ही लढत सहाव्या फेरीत संपली.' मित्राला आत्ताच वाचून दाखवलं. तो म्हणतो, पुढच्याच ओळीत ती कुणी लावली त्याचं नावही घालतो.