आईला अल्झायमर सांगितलाय, गोळीने विसरलेलं परत येतं का?

सांजवारा:
आई ७१ वर्षांची. गेलं वर्षभर तेच तेच विचारते, जेवलेलं दहा मिनिटांत विसरते पण शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ. एमआरआय झाला, डॉक्टरांनी अल्झायमर सांगून डोनेपेझिल ५ एमजी सुरू केली. तीन आठवडे झाले, फरक शून्य, उलट मळमळतंय म्हणते. लहानपणीचं आठवतं मग सकाळचं का नाही? मुद्दाम करते असं वाटून परवा मी तिच्यावर ओरडले, नंतर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गोळी बंद करू का?

पिंपळपान:
मुद्दाम नाही करत हो ताई. नवीन आठवण आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागात तयार होते आणि हा आजार सुरुवातीलाच त्या भागाला धरतो. कविता कधीच्याच मेंदूत इतरत्र पक्क्या बसल्यात म्हणून टिकल्या. जेवण ती विसरते असं नाही, ते नोंदलंच जात नाही, म्हणून तिच्यासाठी तो प्रश्न दर वेळी पहिलाच असतो. पेशींच्या बाहेर अ‍ॅमिलॉइड प्रोटीन साचतं, आत टाऊ प्रोटीनचा गुंता होतो, पेशी मरत जातात. अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये एका पेशंटच्या मेंदूत हेच पाहिलं होतं. आणि हे लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून चालू असतं, त्यामुळे उशिरा लक्षात आलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

कोरा_कागद:
बाबांचं सहा वर्षं केलंय म्हणून सांगतो, गोळी मनाने बंद करू नका. मेलेल्या पेशी ती परत आणत नाही, अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी झालेलं असतं ते जरा जास्त वेळ टिकवते एवढंच. बाबांना आठवलं काहीच नाही पण वर्षभर घसरण हळू वाटली, मला तेवढंही पुष्कळ होतं. मळमळ बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते, जेवणानंतर देऊन बघा, नाहीच थांबली तर रिव्हास्टिग्मिन या तशाच औषधाचा त्वचेवर लावायचा पॅच असतो, डॉक्टरांना विचारा. चक्कर आली किंवा नाडी मंद वाटली तर मात्र लगेच फोन करा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? त्यानेही विसरायला होतं आणि ते बरं करता येतं. अजून एक, दोन दिवसांत अचानक खूप गोंधळली तर आजार वाढला म्हणून बसून राहू नका, बाबांना लघवीचं इन्फेक्शन निघालं होतं.

सांजवारा:
खूप आधार वाटला दोघांचा. ते नवीन इंजेक्शन आलंय म्हणतात त्याचं काय?

पिंपळपान:
लेकानेमॅब. अ‍ॅमिलॉइड साफ करतं, पण १८ महिन्यांच्या ट्रायलमध्ये घसरण साधारण २७ टक्के मंदावली, थांबली नाही. फक्त सुरुवातीच्या स्टेजला देतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून परत परत एमआरआय करावा लागतो. विचारा नक्की, पण आईला घरातलं किती जमतं ते आधी लिहून न्या, स्टेज त्यावरून ठरते.

सांजवारा:
बी-१२ केलेलीच नाहीये, आत्ता रिपोर्ट काढून बघितले. उद्याच तिचं रक्त तपासायला देते. आज तिने सात वेळा विचारलं, सातही वेळा नीट उत्तर दिलं.