टेस्ट सगळ्या निगेटिव्ह, तरी लेकीचं पोट काही ठीक नाही

चिमणपावलं:
नमस्कार, लिहू की नको करत होते पण आता डोकंच चालेनासं झालंय म्हणून लिहितेय. लेक २० महिन्यांची आहे. वर्षाची झाल्यापासून तिचं पोट कधी धड नाहीच, दिवसातून ५-६ वेळा शी, कधी पातळ, कधी शेंबडासारखी, त्यात खाल्लेलं जसंच्या तसं दिसतं, पोट फुगून टम्म, आणि गुडघ्यांच्या मागे लाल कोरडे चट्टे. हे रोजचं. दुसरं म्हणजे ११व्या महिन्यात आणि परत १७व्या महिन्यात तिला अचानक भयंकर उलट्या झाल्या. ताप नाही काही नाही, सकाळी छान खेळत होती आणि एकदम सुरू. पोटात काही उरलं नाही तरी उमासे येतच राहिले आणि मग अशी पांढरीफटक पडली, मान टाकली, हाक मारली तरी डोळे उघडेना. दोन्ही वेळा ॲडमिट, सलाईन, आणि पोटाचं इन्फेक्शन म्हणून दुसऱ्या दिवशी घरी.

दोन्ही वेळा दुधात शिजवलेलं खाल्लं होतं म्हणून मला दुधाचाच संशय. त्वचेवर टोचून करतात ती टेस्ट आणि रक्तातली आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं बघतात ती), दोन्ही करून घेतल्या. दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणा सगळं निगेटिव्ह. ॲलर्जी नाही, मोठी झाली की सुटेल असं सांगितलं. मला पटेना, म्हणून ५ आठवड्यांपूर्वी मीच दूध, गहू, अंडं, सोया सगळं बंद केलं. शी थोडी बरी वाटते, पण खरंच बरी आहे की मला तसं वाटतंय तेही कळत नाही. वजन मात्र ३ महिने ९.४ किलोवर अडकलंय. आता एक लॅब २०० पदार्थांची आयजीजी टेस्ट करून देते म्हणे, ती करावी का? आणि टेस्ट निगेटिव्ह म्हणजे ॲलर्जी नाहीच असं धरायचं का? कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्र रात्र झोप नाही.

निळीशाई:
ताई, आमच्याकडे पण असंच होतं, शेळीचं दूध सुरू केलं आणि पोरगा सुधारला. देऊन बघा, पचायला हलकं असतं. काळजी घ्या.

दोन_वेण्या:
चिमणपावलं, तुमचं 'पांढरीफटक पडली, मान टाकली' वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण माझ्या मुलाचं अगदी असंच झालं होतं. खांद्यावर घेतलं तर त्याचे दोन्ही हात ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. तीन वेळा इन्फेक्शनच म्हणून सोडलं, चौथ्या वेळी एका डॉक्टरांनी विचारलं की खाल्ल्यापासून पहिली उलटी किती वेळाने झाली? तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

आमचं निदान झालं एफपीआयईएस, म्हणजे अन्नातल्या प्रोटीनमुळे आतड्याला सूज येणारा आजार, बोलताना एफ-पाईज म्हणतात. ही पण ॲलर्जीच, फक्त आयजीईवाली नाही. आयजीईवाली असते ती काही मिनिटांत ते साधारण २ तासांत दिसते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासात घरघर. एफ-पाईजमध्ये यातलं काहीच नसतं. खाऊन १ ते ४ तासांनी उलट्यांवर उलट्या, मूल पांढरं पडतं, गळून जातं, काहींना नंतर जुलाब. आणि त्वचेची टेस्ट, रक्ताची टेस्ट बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, कारण त्या टेस्ट आयजीई शोधतात आणि इथे ते नसतंच. वर त्या वेळी रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात म्हणून इन्फेक्शन वाटणं साहजिक आहे, तुमच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. २०१७ मध्ये याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या, त्यातही निदान मुख्यतः हकिगतीवरूनच करायला सांगितलंय.

मला एकच विचारायचंय, दुधात शिजवलं ते काय होतं? आणि त्या दोन दिवसांच्या मधे ती दूध पीत होती का? दूध पिऊन काही झालं नसेल तर संशय दुधात जे घातलं त्याच्यावर जातो. तांदूळ आणि ओट्सनेसुद्धा हे होतं, लोकांना खरं वाटत नाही कारण हे पदार्थ आपण 'सोसणारे' म्हणूनच देतो. माझ्या मुलाला तांदळाने व्हायचं. ज्याच्यावर संशय आहे तो पदार्थ घरी परत देऊन बघू नका, ते हॉस्पिटलमध्येच, सलाईनची तयारी ठेवून, देऊन पुढे काही तास बसवून ठेवतात. आमचं ते साडेतीन वर्षांचा असताना केलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो नुसते, काही झालं नाही, आता तो सगळं खातो.

आडवाट:
आधीच्या उत्तरांत गव्हाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पोट फुगलेलं, पातळ शी, वजन थांबलेलं असेल तर सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी झाली का? टीटीजी आयजीए म्हणतात, सोबत एकूण आयजीए पण बघतात. तुम्ही ज्या केल्यात त्यात ही येत नाही, गव्हाची ॲलर्जी वेगळी आणि सिलिॲक वेगळा. पण ही तपासणी मूल गहू खात असतानाच करायची असते, बंद केलं की रक्तातली खूण हळूहळू कमी होत जाते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आम्ही नेमकं हेच केलं, मुलीचा गहू आधी बंद केला, मग तपासणीसाठी परत कित्येक आठवडे खायला घालावा लागला आणि ते आठवडे तिचे हाल बघवत नव्हते. तुम्हाला ५ आठवडे झालेत, म्हणून स्वतःहून काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा की तपासणी आत्ता चालेल का गहू परत द्यावा लागेल.

या आजारात गहू सापडला तो पण असाच. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते, १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्याकडची आजारी मुलं सुधारली, पाव परत आला तशी परत बिघडली. त्यांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता आणि १९५० साली त्यावर त्यांचा प्रबंध आला. मला हे सारखं आठवतं कारण नुसतं बंद करून कळत नाही, परत दिल्यावर काय झालं ते कळलं तेव्हा उत्तर मिळालं.

तिसरा_घास:
मी लहान मुलांची आहारतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, तरी थोडं लिहिते.

आधी निळीशाई, तुमच्या मुलाला बरं वाटलं हे छानच पण दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर शेळीचं आणि म्हशीचं दूध पर्याय नाही, प्रोटीन इतकं सारखं असतं की बहुतेक मुलांना त्यानेही तेच होतं. कृपया कुणी करू नका.

आयजीजी टेस्ट करू नका. ते आयजीजी म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली एवढंच, रोज खाणाऱ्या निरोगी मुलातही ते दिसतं. रिपोर्टवर ३०-४० नावं लाल येतील आणि ज्या मुलीचं वजन आधीच थांबलंय तिचं ताट अजून रिकामं होईल. मला सगळ्यात जास्त काळजी त्या वजनाचीच वाटते. चार मोठे पदार्थ एकदम काढले आणि त्यांच्या जागी काय आलं हे तुम्ही लिहिलं नाहीये. दुधाबरोबर प्रोटीन, कॅल्शियम, स्निग्ध सगळंच जातं.

आणि हे चार एकदम काढल्यामुळे, शी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कधीच कळणार नाही. उशिरा दिसणाऱ्या ॲलर्जीत एक पदार्थ २ ते ४ आठवडे पूर्ण बंद करतात आणि मग ठरवून परत देतात, लक्षणं परत आली तरच तो धरायचा. अर्थात तीव्र उलट्यांचा संशय ज्या पदार्थावर आहे तो सोडून, त्याबद्दल दोन_वेण्या यांनी बरोबर लिहिलंय. रोजची शी आणि त्या दोन वेळच्या उलट्या ही कदाचित दोन वेगळी कारणं असतील, त्यांना एकाच धाग्यात ओवू नका. लेक ज्यूस किती पिते? सफरचंदाच्या ज्यूसमधलं सॉर्बिटॉल आणि फ्रुक्टोज या वयात सगळं शोषलं जात नाही, त्याने शी पातळ होते आणि त्यात न पचलेले तुकडे दिसतात. तसं असेल तर आधी ज्यूस बंद करून बघणं सगळ्यात सोपं.

शीत रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठून जुलाब, वजन उतरायला लागणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता दाखवा. आणि परत कधी मुलगी तशी गळून गेली तर सरळ इमर्जन्सीत न्या. तिथे गेल्या गेल्या सांगायचं की एफ-पाईजचा संशय आहे, काय खाल्लं आणि कधी खाल्लं. पुढच्या भेटीसाठी लहान मुलांचे पोटाचे डॉक्टर किंवा ॲलर्जीचे डॉक्टर, दोघांपैकी जे आधी मिळतील ते.

चिमणपावलं:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. ज्यूस, हो, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा ॲडमिट होऊन आली तेव्हा पाणी कमी पडू नये म्हणून सुरू केला आणि तोच चालू राहिला, आणि आता आठवतंय की पोट बिघडलं ते साधारण त्यानंतरच. आजपासून बंद केला.

दोन_वेण्या, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री फोनमधले जुने फोटो काढून बसले. ११व्या महिन्यातला एक फोटो आहे, उंच खुर्चीत बसलीये, लाळेऱ्यावर सगळं सांडलंय, वेळ सकाळी १०:४२. त्याच दिवशी तिच्या बाबांना मी केलेला मेसेज आहे, 'उलट्या थांबत नाहीत, लवकर ये', १२:५१. १७व्या महिन्यातला व्हिडिओ ९:१५चा, हॉस्पिटलला निघताना केलेला फोन ११:४०चा. दोन्ही वेळा वाटीत ओट्स होते. दूध तर मधले सहाही महिने रोज प्यायली, एकदाही उलटी नाही. ओट्स तिला आवडत नाहीत म्हणून मधे कधी केलेच नव्हते, दोनदाच दिले होते आणि दोनदाच हे झालं, आणि मी मात्र इतके दिवस दुधाला धरून बसले होते.

पोटाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळालीये. गव्हाचं आणि टीटीजीचं कागदावर लिहून ठेवलंय, दूध परत कधी आणि कसं सुरू करायचं तेही विचारते, चारही फोटो-मेसेज एका फोल्डरमध्ये टाकलेत. ओट्सचा डबा घरातून काढून टाकला. काय म्हणतात ते इथे येऊन लिहिते.