मेडिकल कागद गहाळ, म्हणून अपंगत्व पेन्शनवर पाणी सोडायचं? (इंदूर-महू माजी सैनिक चर्चा)

महूकर
सुदामानगरकर साहेबांनी काल लिहिलं: ‘मेडिकल डॉक्युमेंट नष्ट झाले असं रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, पत्र आलं की अपंगत्व पेन्शनचा नाद सोडा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका.’ खाली मंडळी आभार मानतायत. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बघा, नष्ट होतात ते कागद कोणाचे. आर्मी रेग्युलेशन्स १९८७, परिच्छेद ५९५. ज्याला पेन्शन लागलेली नाही, त्याचे सर्व्हिस डॉक्युमेंट २५ वर्षांनी नष्ट करतात. म्हणजे सहा-सात वर्षांची नोकरी झाल्यावर आजारपणामुळे घरी पाठवलेला, हातात काहीच न पडलेला जवान. कागदांची सगळ्यांत जास्त गरज ज्याला, नेमके त्याचेच कागद जातात. आणि आपण त्यालाच ‘नाद सोडा’ म्हणतोय.

लाँग रोल, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातली जवानांची नोंदवही, मात्र नष्ट होत नाही, ती कायम ठेवतात. भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि डिस्चार्जचं कारण त्यात असतं. आर्मी रूल १३(३), बाब तीन(तीन) असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘पुढील सेवेस वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’. इनव्हॅलिडिंग बोर्ड, म्हणजे अपात्र ठरवणारी लष्करी डॉक्टरांची तपासणी, झाल्याशिवाय या बाबीखाली कोणाला काढताच येत नाही. त्या बोर्डाचा अहवाल, एएफएमएसएफ-१६, सापडो न सापडो, बोर्ड झाला होता हे त्या एका ओळीने ठरतं. तीन(एक) असेल तर करार पूर्ण, तीन(चार) असेल तर स्वतःच्या विनंतीवरून. म्हणून अर्ज लिहायच्या आधी ही ओळ मिळवा.

दुसरी जागा घरातच आहे. डिस्चार्ज बुकात मेडिकल कॅटेगरीचा रकाना असतो. जुन्या पुस्तकात ‘सीईई परमनंट’ दिसलं तर माणूस लो मेडिकल कॅटेगरीत होता. शेप-१ असेल तर तो धडधाकट बाहेर पडला असं सरकार म्हणणार, आणि मग काम खरंच अवघड आहे.

तिसरी गोष्ट माहिती अधिकार. अर्ज पेन्शन खात्याला प्रयागराजला पाठवू नका, तिथे तो नुसता फिरत राहतो. आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला पाठवा. सिग्नल्सचं जबलपूर, तोफखान्याचं नाशिक रोड, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, ईएमईचं सिकंदराबाद, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. ‘माझे मेडिकल कागद द्या’ एवढंच लिहिलंत तर ‘उपलब्ध नाहीत’ एवढंच उत्तर येतं. म्हणून वेगवेगळं मागा: लाँग रोलचा उतारा, शीट रोल (पोस्टिंगसह सेवेची नोंद), एएफएमएसएफ-१६, कॅटेगरी बदलाचे सगळे एएफएमएसएफ-१५, हॉस्पिटल आणि कॅटेगरीसंबंधीचे पार्ट टू ऑर्डर (बदलांची नोंद करणारे आदेश). आणि शेवटी: ‘नष्ट केले असल्यास कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, कोणत्या नियमाखाली, त्याची प्रत.’ उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत कलम १९(१) खाली अपील.

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ‘सापडत नाहीत’ आणि ‘नियमाने नष्ट केले’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात चूक सरकारची. ती लेखी हातात आली की पुढचं भांडण सोपं होतं.

सुदामानगरकर
मी उगाच कोणाचं मन मोडायला लिहिलेलं नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या, म्हणजे ट्रिब्युनलच्या, कायद्यात कलम २२ आहे, अंतिम आदेशापासून सहा महिने. तीस वर्षांनी उठलेल्या अर्जाला पहिला प्रश्न ‘इतके दिवस कुठे होता’ हाच असतो. कागदही नाहीत आणि उशीरही आहे, असे अर्ज फेटाळले जातात. आणि एजंट? ते स्टँप पेपरवर सही घेतात, थकबाकीतला हिस्सा आधीच लिहून घेतात. माणूस इंदूरहून ओव्हरनाइट गाडीने जबलपूरच्या खंडपीठाला खेटे घालतो आणि हातात येतो तारखांचा कागद. ते थांबावं म्हणून लिहिलं होतं.

जबलपूर-वारी (वकील)
एजंटांबद्दल शंभर टक्के सहमत. उशिराबद्दल अर्धंच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात पेन्शन न देणं ही सतत चालू राहणारी चूक मानली. दावा उशिरा आला म्हणून हक्क बुडत नाही, थकबाकी तेवढी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती राहते. तीस वर्षांचे पैसे मागायला जाल तर पडाल. तीन वर्षांचे आणि पुढचे मागा.

पण क्रम पाळा. लोक थेट ट्रिब्युनलला येतात आणि तिथेच अडकतात. आधी रेकॉर्ड ऑफिसला दावा, त्याचं लेखी नकारपत्र, मग सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग कलम १४ खाली ट्रिब्युनल. सोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र.

आणि जोर नियमावर द्या. १९८२च्या एन्टायटलमेंट रूल्सचा नियम ९ म्हणतो की सिद्ध करायची जबाबदारी दावेदारावर नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला. नियम १४(ब): भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच झाला असं मानायचं. यावरच २०१३चा धरमवीर सिंग निकाल उभा आहे. तो माणूस सिग्नल्सचाच, १९८५ची भरती, १९९४ला फिट्समुळे घरी, २० टक्के अपंगत्व, आणि ‘सेवेशी संबंध नाही’ असा बोर्डाचा शेरा. कारण न लिहिता मारलेला शेरा न्यायालयाने मानला नाही.

मुरारकर (आर्मी मेडिकल कोअर, निवृत्त)
ग्वाल्हेरहून लिहितोय. बोर्डाच्या टेबलाच्या त्या बाजूचंही ऐका. वकीलसाहेब अर्धंच सांगतात. २०१९ला नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियाबद्दल स्पष्ट म्हटलं की असा आजार भरतीच्या तपासणीत कळत नाही, म्हणून ‘तेव्हा नोंद नव्हती’ एवढ्यावर तो सेवेमुळे झाला असं आपोआप ठरत नाही.

दुसरं, तुम्ही सगळे आजार आणि इजा एकाच टोपलीत घालताय. नियम १४(ब) आजाराला आहे. पाय मोडला असेल तर तो ड्युटीवर मोडला की सुट्टीवर, हे दाखवावंच लागतं. त्यासाठी आयएएफवाय-२००६, म्हणजे इजा अहवाल, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागते. ते नसेल तर गृहीतक तुम्हाला तारणार नाही.

आणि खरी चीड सांगतो. खऱ्या जखमींची वाट बिघडवली ती ब्लडप्रेशरवाल्यांनी. निवृत्तीच्या वर्षी बीपी, ३० टक्के, राउंड करून ५०, की झालं. याच गर्दीमुळे अपंगत्व पेन्शनचे २०२३चे कडक नियम आले. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

लोकमान्यनगरी
डॉक्टरसाहेब, हे वाक्य मागे घ्या. बारा-पंधरा हजार फुटांवर दोन-दोन वर्षं काढलेल्या माणसाला तुम्ही चोर ठरवताय. बीपी काही निवृत्तीच्या वर्षी उगवत नाही. पकडला जातो त्या वर्षी, कारण तोवर कोणी मशीनच लावत नाही. युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, जवानाला ब्रुफेन देऊन परत पाठवतात, नोंद करत नाहीत. नोंद तुम्ही करायची नाही आणि नंतर नोंद नाही म्हणून नाकारायचं?

मुरारकर
चोर कोणालाही म्हटलेलं नाही. वजन, सिगारेट, आईवडिलांचा इतिहास, हे सगळं डोळ्यांआड करून प्रत्येक बीपी लष्कराच्या खात्यावर टाकता येत नाही. पीस स्टेशनला, ऑफिसच्या खुर्चीत, चाळिशीनंतर सुरू झालेला बीपी सेवेने वाढला असं मी सही करून लिहिणार नाही.

लोकमान्यनगरी
पीस स्टेशनला ‘सापडला’, ‘सुरू झाला’ नव्हे. फील्डमधून उतरल्यावर पहिली धड तपासणी तिथेच होते! तुमच्या सहीने एका घराची चूल चालते की विझते, याची जाणीव ठेवून बोला.

बडोदेकर (ईएमई)
दोघेही थोडं थांबा, कारण या भांडणाचं उत्तर मेडिकल कागदांत नाहीच. मेडिकल ऑफिसर्सच्या मार्गदर्शिकेतला परिच्छेद ४३ काढा. बीपीची सुरुवात फील्ड, अतिउंच भाग, बंडखोरीविरोधी मोहिमेचा भाग किंवा दीर्घ जहाजसेवेत झाली असेल तर सेवेमुळे वाढ मानायची. म्हणजे लागतात दोनच गोष्टी: पहिल्यांदा नोंद झाली ती तारीख, आणि त्या दिवशी पोस्टिंग कुठे होतं ते. पोस्टिंग शीट रोलमध्ये असतं. पहिली नोंद कॅटेगरी खाली आल्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निघते. एएफएमएसएफ-१५ हरवला तरी हे दोन कागद शेजारी ठेवले की चित्र दिसतं.

हृदयविकार असेल तर आजाराच्या आधीच्या १४ दिवसांच्या ड्युट्यांचा तक्ता बोर्ड बघतो. तो युनिटने पाठवायचा असतो. बऱ्याचदा पाठवतच नाहीत, आणि मग ‘ताण नव्हता’ असं धरलं जातं. युनिट अस्तित्वात असेल तर तिथेही माहिती अधिकार लावा.

आणि २०२३चे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे आहेत. ज्याची सेवा त्याआधी संपली त्याला जुनेच. त्या भीतीने जुने दावे थांबवू नका. गुजरातवाल्यांनी लक्षात ठेवा, आपलं खंडपीठ मुंबई, जबलपूर नव्हे.

महूकर
डॉक्टरांचा इजेचा मुद्दा खरा आहे, तो मला मान्य करावाच लागेल. इजा अहवाल गहाळ असेल तर त्या दिवसाचा मूव्ह ऑर्डर किंवा सुट्टीचा दाखला शोधा. रस्ता अपघात असेल तर पोलिस ठाण्याचा एफआयआर. सोबतच्या दोन जणांची प्रतिज्ञापत्रं, त्यांच्या आर्मी नंबरसह, तारीख आणि जागा लिहून. ‘आम्ही एकत्र होतो’ असं मोघम लिहिलेलं कोणी धरत नाही. मिलिटरी हॉस्पिटलला पत्र लिहिताना ‘माझी फाइल द्या’ न म्हणता हॉस्पिटलात दाखल झाल्याचं वर्ष, महिना आणि वॉर्ड द्या, ॲडमिशन-डिस्चार्ज रजिस्टरचा उतारा मागा. केस शीट गेली तरी रजिस्टरातली ओळ कधीकधी मिळते.

नावाचं स्पेलिंगही तपासा. भरतीच्या वेळी कारकुनाने आडनाव हिंदी वळणाने लिहिलं, वडिलांचं नाव गाळलं, आणि आधारवर वेगळंच. ‘व्यक्ती जुळत नाही’ म्हणून अर्ज परत येतो. प्रत्येक पत्रावर आर्मी नंबर आधी, नाव नंतर.

मुरारकर
कारण न लिहिता ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारणं चूक आहे, हे मीही म्हणतो. तेवढं घ्या. बीपीबद्दल माझं मत तेच. पण नवीन बोर्डासमोर येणाऱ्यांना सांगा, जुने कागद नाहीत म्हणून रिकाम्या हाताने येऊ नका. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, असेल तर तिथले, नाहीतर सरकारी रुग्णालयाचे सगळे रिपोर्ट, जुन्यात जुन्या प्रिस्क्रिप्शनपासून, तारखेच्या क्रमाने. सेवा सोडल्यानंतर सहा महिन्यांतली एखादी चिठ्ठीही सेवेतल्या आजाराशी दुवा जोडते. वीस वर्षांचा खंड असेल तर बोर्ड काय लिहिणार?

सुदामानगरकर
बरं, ‘नाद सोडा’ हे शब्द काढतो. ‘लाँग रोल बघितल्याशिवाय वकिलाला पैसे देऊ नका’ असं लिहितो. एजंटांबद्दलचं तसंच राहील. पण एक उरतंच. जवानच हयात नसेल तर? मेलेल्या माणसाचा बोर्ड होत नाही. बायको काय दाखवणार?

जबलपूर-वारी (वकील)
हीच सगळ्यांत कठीण केस. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा सुखविंदर सिंग निकाल, २०१४, लावा. वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढलं असेल तर अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त होतं असंच मानावं लागतं, आणि त्याला ५० टक्क्यांचं पेन्शन लागू होतं. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाचे ३० टक्के, म्हणजे ५० टक्क्यांना १५. बोर्डाची टक्केवारी सापडत नसताना हाच आधार. पत्नीने नवऱ्याच्या हयातीतली थकबाकी मागायची, कौटुंबिक पेन्शनचा अर्ज वेगळा करायचा, दोन्ही एकत्र करू नयेत. आणि लाँग रोलवर तीन(तीन) नसून तीन(चार) निघालं, तर हा आधार लागत नाही. तेव्हा अशा विधवा बाईंना आज फक्त दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पाठवायला सांगा, बाकी उतारा आल्यावर.