उघडी गाडी आणि गोव्याचा पाऊस : तुमचेही अनुभव येऊ द्या

फोंड्याची_पोर
काल रायबंदरच्या जुन्या दगडी पुलावर ट्रॅफिक खोळंबला. पुढे काय झालंय बघावं म्हणून काच खाली केली तर एक लाल, उघडी, जुनी एमजी बाजूला लावलेली, पाऊस धो धो, आणि एक गृहस्थ बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी ठोकतायत. त्यांच्यावर छत्री धरून एक बाई उभ्या. मला एकदम रडूच आलं. शेजारी नवरा म्हणतो, काय झालं? त्याला काय सांगू.

माझ्या मामाकडे एमजी टीडी होती, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात बाहेरच्या गाड्या स्वस्तात यायच्या, त्यातलीच ही, कुणाकडून तरी फिरत फिरत मामाकडे आलेली. दोन सीटची. मी आठ वर्षांची, सीटच्या मागे सामान ठेवायची चिंचोळी जागा असते तिथे पाय दुमडून बसायचे. १९८३ चा श्रावण, आयताराचा दिवस, फोंड्याहून पणजीला मामीच्या बहिणीकडे निघालो. मामीच्या मांडीवर हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांचा डबा, अजून गरम. हूड होतं, पण त्याचं कापड उंदरांनी खाल्लेलं. मामा म्हणाला, "ऊन आहे गो, कशाला हूड."

म्हार्दोळपर्यंत ऊन होतं.

मंगेशी ओलांडली आणि आभाळ फाटलं. वायपरची मोटर या गाडीत काचेवरच बसवलेली असते, डबीसारखी, तिला एक छोटी मूठ असते. मोटर बंद पडली. मग मामी एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने ती मूठ फिरवतेय, इकडून तिकडे, इकडून तिकडे, आणि मामा ओरडतोय, "बेगीन गो, बेगीन!" बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प. पेट्रोल पंप अडकला. हा पंप विजेवर चालतो, चालू असला की टिक टिक टिक ऐकू येतं. मामाने बॉनेटची एक बाजू वर केली (मधोमध बिजागरी, पुस्तकासारखं उघडतं), मामीच्या हातात पाना दिला आणि स्वतः जाऊन स्टिअरिंगवर बसला. "बडय गो, बडय!" मामी नऊवारी नाही, नवी कोरी सहावारी नेसलेली, चिखलात उभी राहून पंप बडवतेय, मी तिच्यावर छत्री धरलीय, आणि छत्री उलटी झालीय.

टिक. टिक टिक टिक.

मामीचा चेहरा मी अजून विसरले नाही. पणजीत पोचलो तेव्हा पातोळ्या तेवढ्या कोरड्या होत्या.

तुमच्याही असतील अशा आठवणी. जीप, जिप्सी, काहीही चालेल, वर छप्पर नसलं म्हणजे झालं. लिहा.

सुशेगाद_६४
मामीला दंडवत 🙏

गिअरबॉक्स
आमची विलीज जीप. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी आणि वायपर झोपला, पाय काढला की परत फडफड. आता अनमोड घाट चढा बघू असा. मोलेच्या पुढे चढण लागली की पप्पा एक सेकंद पाय काढायचे, काच पुसून घ्यायचे, परत दाबायचे. अख्खा घाट असा हिसके देत. आईला उलटी झाली हे वेगळं सांगायला नको.
जमिनीला भोकं असतात जीपच्या, पाणी आपोआप निघून जातं. त्या भोकातून माझी एक चप्पलही गेली असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं, मी ती दूधसागरला हरवली.

पणजीवाली
@गिअरबॉक्स भोक केवढं आणि चप्पल केवढी, आईने विश्वास ठेवला??

गिअरबॉक्स
आई उलटी करत होती.

बेती_बोट
१९८६. पाच जुलैला मांडवीचा पूल पडला तेव्हा मी पर्वरीहून रोज पणजीला नोकरीला. मग बेतीची फेरीबोट. ज्यांनी ती लाईन बघितलीय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. साहेबांची उघडी जीप, मी बाजूला बसून. चालत्या गाडीत पाऊस तेवढा लागत नाही, काचेवरून वारा वर जातो, पाणी डोक्यावरून मागे. पण थांबलं की संपलं. आणि फेरीच्या लाईनीत तर थांबायचंच असतं. साहेब फाईल डोक्यावर धरून बसायचे. सरकारी फाईल. शाई सगळी शर्टावर. नवा पूल सुरू व्हायला १९९२ उजाडलं, तोपर्यंत साहेब रिटायर.

शिरोडकर_मेस्त
@फोंड्याची_पोर तुमच्या मामाचा पंप खराब नव्हता. त्या एसयू कंपनीच्या पंपात दोन पॉईंट असतात, ते काळे पडले की चिकटतात. हलका ठोका दिला की सुटतात. पण बडवायचं म्हणजे टकटक करायचं, नारळ फोडायचा नाही. सीझन सुरू व्हायच्या आधी पॉईंट साफ केले असते तर मामी घरी सुकी राहिली असती.
पावसात या गाड्या बंद पडतात त्याचं दुसरं कारण डिस्ट्रिब्यूटर कॅप, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण. आत दमट झाली की करंट भलतीकडे उडी मारतो, गाडी खोकायला लागते. फडक्याने कोरडी पुसायची, पंधरा मिनिटं जातात. आणि पाण्यातून गेलात की ब्रेक लगेच भरवशाचे नसतात, ड्रम ओले असतात. हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवून वाळवायचे. हे मी शंभर जणांना सांगितलं, नव्वद जणांनी आधी कुणाच्या तरी कंपाउंडात गाडी घातली मग मला बोलावलं.
खरा शत्रू पाऊस नाही, आपली हवा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पडतो, सीटच्या चामड्यावर बुरशी, आणि टीडीची बॉडी आतून लाकडाच्या सांगाड्यावर असते हे किती जणांना माहीत आहे? त्या लाकडाला आमच्याकडची वाळवी लागली की दार उघडायला गेलं तर दारच हातात येतं.
गाडी आता कुठे आहे तुमची?

दहा_मिनिटात_पोचते
मी फक्त स्कूटरवाली आहे पण ती पण ओपन टॉपच की 😄 तीस वर्षं म्हापसा ते पणजी. कुणी माझ्यावर धागा काढत नाही.

सुशेगाद_६४
@दहा_मिनिटात_पोचते आणि आम्ही पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे बसून गेलो तो अनुभव? त्याच्या रेनकोटमध्ये डोकं घालून? म्हापशाचा अख्खा रस्ता मी फक्त एका माणसाच्या पाठीचा वास घेत काढलाय.

पणजीवाली
ईईई 😂😂

चवथीची_घाई
जिप्सी, वरचं कापड काढून ठेवलेलं कारण भावाला स्टाईल मारायची होती. मे महिना संपत आलेला, आम्ही म्हापशाच्या बाजारातून पुरुमेंताचं, पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं भरून घेतलं. मिठाचं पोतं, मिरच्या, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), वर्षभराची कोकमं. पर्वरीच्या चढावर वळीव आला. मिरच्या आणि कोकमं कशीबशी सीटखाली सरकवली. मिठाचं पोतं बघता बघता अर्धं. सुके बांगडे परत ओले झाले, म्हणजे आता ते बांगडे तरी म्हणायचे का हा प्रश्न. पावसाचं पाणी, बांगड्याचं पाणी, मीठ, सगळं सीटमध्ये मुरलं. ती गाडी भावाने दोन वर्षांनी विकली तेव्हा घेणाऱ्याने आत बसून एकदा श्वास घेतला आणि पाच हजार कमी केले.

गिअरबॉक्स
पाचच?

चवथीची_घाई
तो कारवारचा होता. त्याला आवडला असेल वास.

मडगांवकार
सुंगटांवरून आठवलं, तुमच्याकडे किसमूरात (सुक्या सुंगटांच्या कोशिंबिरीत) खोबरं भाजून घालतात की ओलं? आमच्या घरात यावरून सध्या अबोला आहे.

दहा_मिनिटात_पोचते
ओलं. विषय संपला.

चवथीची_घाई
ओलंच. पण कांदा शेवटी.

नको_तो_थार
कुणी रागावू नका पण खरं लिहितो. मी गाड्या भाड्याने देतो. जुलैत पाहुणे येतात आणि हट्टाने छप्पर काढायला लावतात. आम्ही सांगतो पाऊस आहे. म्हणतात हेच तर हवंय. दोन तासांनी फोन, गाडीत पाणी साचलंय, तुमची गाडी खराब आहे. एकदा एक जोडपं छप्पर उघडं ठेवून हणजुण्याच्या रस्त्याला गाडी लावून जेवायला गेलं. परत आले तर आत बेडूक. त्यांनी फोटो काढला, मला पाठवला, वर लिहिलं, हा पण भाड्यात आहे का. मी लिहिलं, हो, परत करताना मोजून घेणार.

बेती_बोट
😂 बेडूक परत केला का?

नको_तो_थार
नाही. डिपॉझिटमधून कापला.

आल्तिनो_पायऱ्या
माझ्या लग्नात नवऱ्याच्या मित्राची जुनी हेराल्ड गाडी आणली होती, हूड खाली करून, झेंडूच्या माळा लावून. डिसेंबर. डिसेंबरात कुठला पाऊस? आला. देवळापासून हॉलपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. नवऱ्याचा फेटा उतरून गळ्यात, माझं कुंकू हनुवटीपर्यंत. ब्यूटिशियनने केलेले केस, ते तर सोडाच. ड्रायव्हर मित्र म्हणतो हूड वर करू का, सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "नको, लोकांनी बघायला नको का?" लोकांनी बघितलं. फोटोत आम्ही दोघं विहिरीतून काढल्यासारखे दिसतो. पण हसतोय मात्र खरं, बाकी सगळ्या फोटोंत ओढूनताणून.

फोंड्याची_पोर
@आल्तिनो_पायऱ्या तो फोटो बघायला मिळाला असता तर!

@शिरोडकर_मेस्त, गाडी. मामा गेला २००४ ला. त्याआधी सहा-सात वर्षं ती गोठ्यात उभी होती, खरंच गोठ्यात, वर ताडपत्री. तुम्ही म्हणता तसंच झालं, डाव्या दाराचं लाकूड वाळवीने पोखरलं, दार दोरीने बांधलेलं. बेळगावहून एक गृहस्थ आले, चोर्ल्याच्या घाटातून ट्रकवर घालून घेऊन गेले. मामी घरातून बाहेर आली नाही. ट्रक गेल्यावर गोठ्यात गेली आणि जमिनीवर तेलाचा जो काळा डाग होता त्यावर राख टाकून झाडून घेतलं. डाग गेला नाही. अजून आहे. मामी पंच्याऐंशीची, आता ऐकायला कमी येतं.

काल घरी येऊन तिला फोन केला, पुलावरच्या त्या लाल गाडीचं ओरडून ओरडून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालू झाली?"

मी म्हटलं, माहीत नाही, ट्रॅफिक सुटला, आम्ही पुढे गेलो.

"थांबायचं होतंस. पाना होता का त्यांच्याकडे?"

शिरोडकर_मेस्त
आता असा पंप बडवायला कुणाकडे पानाच नसतो. मी पत्ता देत नाही पण मामींना सांगा, माझ्याकडे एक चालू पंप टेबलावर ठेवलाय. ऐकायचा असेल तर फोनवर ऐकवतो, मोठ्याने.

मडगांवकार
बायकोला सांगितलं ओलं खोबरं. म्हणते ते लोक बारदेशचे, म्हापशाकडचे, त्यांना काय कळतंय.