लायकेन प्लॅनस: इम्युनिटी कमी झालीय की जास्त?

मिसळ_बंद
आईला (54) सात-आठ महिने झाले, दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेघा आणि मध्ये लाल सोललेलं. ठेचा सोडाच, साधी आमटी झोंबते. तोंड आलंय म्हणून आम्ही आपलं बी कॉम्प्लेक्स देत बसलो. मग मनगटावर जांभळट चपटे खाजरे पुरळ आले, स्किनवाल्यांकडे नेलं तर त्यांनी मनगट बघितलं आणि म्हणाले, काकू आता आ करा. बायोप्सीत लायकेन प्लॅनस. म्हणे स्वतःचीच इम्युनिटी चामडीवर उठलीय. आणि इकडे मावशी रोज गुळवेलीचा काढा पाठवतेय इम्युनिटी वाढायला!! नक्की कमी झालीय का जास्त? आणि तोंड नि मनगटच का?

दंतकथा
दातांचा डॉक्टर आहे, जमेल तसं सांगतो. कमी-जास्त नाही हो, पोलिसांनी चुकीच्या घरावर धाड घातलीय. कातडी आणि गालाचं अस्तर दोन्ही केराटिनोसाइट नावाच्या पेशींचं, त्यातली सगळ्यात खालची रांग टी सेलना, म्हणजे इम्युनिटीच्या शिपाई पेशींना, शत्रू वाटायला लागते. बायोप्सीत त्या रांगेखाली टी सेलचा पट्टाच दिसतो. हे टी सेल इंटरफेरॉन गॅमा सोडतात, तो निरोप जॅक-स्टॅट नावाच्या वाटेने पेशीच्या केंद्रात पोचतो, आणि गंमत बघा, मार खाणारी पेशीच मग सीएक्ससीएल 9 आणि 10 असे सिग्नल सोडून आणखी टी सेल बोलावते. म्हणून हे लवकर विझत नाही. कातडीवरचं बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत बसतं, तोंडातलं वर्षानुवर्षं रेंगाळतं.
मनगटाचं म्हणाल तर जिथे खाजवाल तिथे नवीन उठतं, आणि गालाला दात दिवसभर घासतातच. बीपीच्या, दुखण्याच्या काही गोळ्यांनी किंवा चांदीच्या फिलिंगला लागून असंच दिसू शकतं, ते तपासून घ्या.

खाजकुमार
काढा आधी बंद करा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं तो भाग वेगळा. पण जी इम्युनिटी आधीच खवळलीय तिला टॉनिक कशाला?
मला सोरायसिस आहे, त्यात सिग्नल वेगळा, आयएल-17. ते अडवणारं सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन घेतलं, कातडी झकास झाली आणि तोंडात बुरशी! डॉक्टर म्हणाले तोच सिग्नल तोंडातल्या कॅन्डिडाला आवरून धरतो. म्हणजे एका जागी व्हिलन, दुसऱ्या जागी वॉचमन.

मिसळ_बंद
वॉचमन 😄 काढा बंद केला, मावशी रुसलीय. आम्हाला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची पेस्ट दिलीय, पण भाऊ म्हणतो जॅक अडवणारी गोळीच का नाही घ्यायची?

दंतकथा
टोफासिटिनिब म्हणत असेल तो. वाट तीच अडवते आणि हट्टी केसेसमध्ये डॉक्टर वापरतातही, पण मूळ परवानगी संधिवातासारख्या आजारांसाठी आहे, आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हृदयविकार, रक्ताच्या गाठी, कॅन्सर अशा धोक्यांची ठळक वॉर्निंग त्यावर टाकायला लावली. वर आपल्याकडे टीबी, सुरू करायच्या आधी तो तपासायलाच लागतो. आधी पेस्ट नीट लावा. जेवण झाल्यावर, जागा गॉजने टिपून, मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. लोक लावतात आणि लगेच चहा पितात आणि मग म्हणतात गुण नाही. स्टेरॉइडनेही बुरशी येऊ शकते, पांढरं पुसून निघालं तर दाखवा.
अजून एक. शंभरात साधारण एकाला पुढे त्या जागी कॅन्सर होऊ शकतो म्हणून दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं. आई मिश्री लावते का?

मिसळ_बंद
नाही म्हणाली. मग बाबांना विचारलं तर त्यांनी नुसतं देवघराकडे बघितलं. उदबत्त्यांच्या पुड्यामागे डबी होती, अर्धी संपलेली.