मदत हवी आहे: जुन्या विहिरीचं पाणी फ्लशला आणि गल्ल्या धुवायला (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. ४८ फ्लॅटची इमारत आहे. आवारात ३ मीटर व्यासाची, १२ मीटर खोल जुनी विहीर असून गाळ काढून झाला आहे. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी संडासात ओतणं थांबवायचं आहे. उरलं तर पालिकेच्या टँकरला गल्ल्या धुवायलाही द्यायचं आहे. मे महिन्यात विहीर उपसून मोजलं, तर पहिल्या तासात पाणी १२ सेंमी चढलं. काढल्यावर पाणी स्वच्छ दिसतं, तासाभराने तांबूस होतं. गच्चीवर टाकी एकच आहे. कुठून सुरुवात करावी?

आडविहीर:
आधी हिशोब बघा. फ्लशसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात. घरटी चार माणसं धरली तर ४८ × ४ × ४५ म्हणजे ८,६४० लिटर. तुमच्या विहिरीत १० सेंमी पाणी म्हणजे साधारण ७०० लिटर, म्हणजे तासाला ८५० लिटरच्या आसपास.

पण त्याला २४ ने गुणू नका. उपसल्यावर पहिल्या तासात झरे जोरात येतात, पाणी वर चढेल तसा वेग मंदावतो. सहा तास दर तासाला दोरीने माप घ्या आणि बेरजेवर ठरवा. मे महिन्यातलं माप घेतलंत हे उत्तम केलंत. ऑगस्टच्या मापावर पाइप टाकणारे पुढच्या उन्हाळ्यात अडकतात. पंप एकदम न चालवता दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा चालवा. फूटव्हॉल्व (पंपाच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) तळापासून किमान ६० सेंमी वर ठेवा, नाहीतर पुन्हा गाळ खेचला जाईल. पाणी उतरल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हवाच.

पाइपवाला:
खरं काम पाण्याचं नाही, पाइपचं आहे. जुन्या इमारतींत फ्लशची टाकी, बाथरूमचा नळ आणि गीझर एकाच उतरत्या पाइपवर असतात. नुसती दुसरी टाकी बसवून तो पाइप तिला जोडलात, तर विहिरीचं पाणी आंघोळीला आणि तोंडातही जाईल. प्रत्येक डक्टमधून (पाइप उतरवायच्या उभ्या पोकळीतून) फक्त फ्लशसाठी वेगळा पाइप उतरवा, रंग वेगळा ठेवा आणि कन्नड व मराठीत ‘पिण्यासाठी नाही’ असं रंगवून घ्या. संडासातला हेल्थ फॉसेट (धुण्याचा हातातला फवारा) मात्र नळाच्या पाण्यावरच ठेवा.

विहीर आटली तर नळाचं पाणी फ्लशच्या टाकीत लागेल. तिथे दोन्ही पाइप व्हॉल्व लावून जोडू नका. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व, कधीतरी गळतोच. नळाचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर, पाइपच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर उघडं ठेवा.

काम झाल्यावर चाचणी: पिण्याच्या टाकीचा व्हॉल्व बंद, फ्लशची टाकी भरलेली. घराघरातले सगळे नळ उघडा. आतलं पाणी निथळल्यावरही एखादा वाहत राहिला, तर तिथे जोड चुकला आहे. हे एकही फ्लॅट न गाळता करा.

क्लोरीन:
तांबूस रंग लोहाचा आहे, आपल्या जांभ्याच्या पट्ट्यात ते नेहमीचंच. क्रम चुकवू नका: आधी पाणी फवाऱ्यातून पाडून हवा द्या, मग क्लोरीन, मग निवळण टाकी आणि वाळूचा फिल्टर. क्लोरीन फिल्टरनंतर टाकलंत तर लोह गच्चीवरच्या टाकीत बसेल आणि कमोडवर डाग पडतील.

२५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज ९० ग्रॅमच्या आत. ही फक्त सुरुवात. लोहही क्लोरीन खातं. शेवटच्या मजल्यावरच्या फ्लशमध्ये लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम उरलं पाहिजे, ते किटने तपासून मात्रा ठरवा. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढंच घाला. चुना गेला तर फ्लशचे व्हॉल्व चोंदतात. मात्रा वाढवूनही क्लोरीन उरत नसेल तर ड्रेनेज झिरपतंय का बघा आणि अमोनिया, ई. कोलाय (मैल्यातले जंतू) तपासून घ्या.

शहापूरकर:
खूप आभार. आणि टँकर?

आडविहीर:
चौरस मीटरला १ लिटर धरलं तर ५,००० लिटरचा टँकर ६ मीटर रुंदीचा सुमारे ८३० मीटर रस्ता धुतो. मे महिन्यात फ्लश आणि रोजचा टँकर दोन्ही झेपणार नाहीत. दिवसाआड द्या, तेही सहा तासांचं माप बघून. आधी कोरडं झाडून माती उचलायची, नाहीतर ती गटारात जाऊन तुंबते. पाणी रस्त्यालगत सोडायचं, जोराच्या फवाऱ्याने नाही. बारीक थेंब श्वासात जातात. भरताना नळी टँकरच्या तोंडावर लटकती ठेवा, आत बुडवू नका. पिण्याचं पाणी वाहणारा टँकर यासाठी कधीच घेऊ नका.

पाइपवाला:
गच्चीचं पावसाचं पाणीही विहिरीत सोडा. ६०० चौरस मीटर गच्ची आणि १,२०० मिमी पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ५,७६,००० लिटर होतात. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळूनच सोडा. डक्टचा फोटो टाका, पाइपचा मार्ग सांगता येईल.